हिपॅटायटिस सी: मोफत उपचाराची नोंदणी, कागदपत्रे आणि गोळ्या चालू असताना घ्यायची काळजी

हिपॅटायटिस सीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की आपल्याकडे माणूस आधी काविळीचा झाडपाला देणाऱ्याकडे धावतो. तिकडे जाऊ नका. या आजारावर खात्रीच्या गोळ्या आहेत. 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत मिळतात.

उत्पन्नाची अट नाही, पिवळे रेशनकार्डही लागत नाही. विषाणू आज रक्तात आहे हे मात्र सिद्ध व्हावे लागते. किटवरची तपासणी फक्त 'कधीतरी लागण झाली होती' एवढेच सांगते. काहींच्या शरीरातून विषाणू आपोआप गेलेलाही असतो. म्हणून आरएनए, म्हणजे व्हायरल लोडची तपासणी करतात.

जिल्हा सामान्य रुग्णालयात केसपेपर काढा आणि हिपॅटायटिसचे उपचार केंद्र विचारा. सोबत आधार किंवा दुसरे ओळखपत्र, त्याची झेरॉक्स, किटचा रिपोर्ट, जुने सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट असू द्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटेही पिशवीत टाका. टीबीचे रिफाम्पिसिन, फिटच्या काही गोळ्या आणि हृदयाचे अमिओडारोन यांचे हिपॅटायटिस सीच्या गोळ्यांशी जमत नाही. सिकलसेलचे कार्ड असेल तर ते आधी दाखवा, कारण लिव्हर जास्त खराब असल्यास कधी कधी रिबाविरिन नावाचे औषध जोडतात आणि त्याने हिमोग्लोबिन उतरते. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल, तर तेही पहिल्याच भेटीत सांगा.

बहुतेकांना सोफोसबुवीर आणि डॅक्लाटासवीर 12 आठवडे देतात. लिव्हर सिरोसिसपर्यंत, म्हणजे कडक आणि व्रणांनी भरलेले होण्यापर्यंत, गेले असेल तर औषध किंवा मुदत बदलते. रोज एकाच वेळी घ्या. संध्याकाळी जेवल्यावर घेत असाल तर ताटाजवळच डबी ठेवा. एखादी गोळी राहिली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या, पण दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका. औषध साधारण 28 दिवसांचे मिळते. डबीत पाच-सहा गोळ्या उरल्या की केंद्राची वाट धरा, संपायची वाट पाहू नका. कापूस वेचायला किंवा कामाला बाहेरगावी जायचे असेल तर आधी कळवा. बरे वाटले म्हणून मध्येच सोडणे सगळ्यात घातक.

दारू पूर्ण बंद. मोहाचीसुद्धा. ब्लेड, वस्तरा, ब्रश, नेलकटर वेगळे ठेवा. एका ताटात जेवल्याने, लेकराला कडेवर घेतल्याने हा आजार होत नाही. सुनेचे ताट वेगळे काढलेले मी पाहिले आहे; कृपा करून असे करू नका.

आता सगळ्यात जास्त चुकते ती गोष्ट. गोळ्या संपल्यानंतर 12 आठवड्यांनी पुन्हा आरएनए तपासावा लागतो. दसऱ्याला पहिली गोळी घेतली तर शेवटची पौषात येते आणि ही तपासणी गुढीपाडव्याच्या सुमारास. त्यात विषाणू सापडला नाही, तरच आजार गेला म्हणायचे. किटवरची तपासणी पुढेही बहुधा पॉझिटिव्हच दाखवेल, म्हणून हा रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवा. पुढे ऑपरेशन किंवा बाळंतपणाच्या वेळी कोणी किटचा रिपोर्ट पाहून घाबरले, तर हाच कागद दाखवा.