हक्क देवाने दिले, मग सरकारचं काम काय? थोडी पार्श्वभूमी

"आमचे हक्क सरकारने दिलेले नाहीत, देवाने दिलेत." अमेरिकेत निवडणूक आली की हे वाक्य कुणीतरी बोलतंच आणि आता आपल्याकडच्या ख्रिस्ती व्हॉट्सअॅप ग्रुपवरही ते फिरायला लागलंय. बोलणाऱ्याला वाटतं बायबलमध्ये सरळ असं लिहिलंय. तसं लिहिलेलं नाहीये. हा विचार बनायला शेकडो वर्षं गेली, आणि तो घडवला बहुतेक करून राजाचा मार खाल्लेल्या लोकांनी.

बायबलमध्ये आहे ते असं. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला, म्हणजे राजाही तसाच आणि मजूरही तसाच. मग शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा 8वा अध्याय, तो एकदा सलग वाचाच. इस्राएल लोक म्हणतात आम्हाला इतरांसारखा राजा पाहिजे, आणि शमुवेल हा संदेष्टा त्यांना राजा काय करेल याची यादीच वाचून दाखवतो: तुमची पोरं रथाला जुंपेल, मुलींना स्वयंपाकीण करेल, चांगली शेतं आणि द्राक्षमळे काढून आपल्या चाकरांना वाटेल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल, आणि मग तुम्ही ओरडाल तेव्हा देव ऐकणार नाही. तरी लोक म्हणतात, नाही, राजा पाहिजेच! पुढे अहाब राजा नाबोथाचा मळा कसा लाटतो ते आहेच.

पण याच बायबलमध्ये रोमकरांस पत्राचा 13वा अध्याय पण आहे, त्यात येशूचा प्रचारक पौल म्हणतो की अधिकारी देवाने नेमलेले आहेत, त्यांच्या अधीन राहा, कर भरा. आणि प्रेषितांच्या कृत्यांत येशूचा शिष्य पेत्र म्हणतो माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. पुढचा सगळा इतिहास म्हणजे या दोन वचनांची ओढाताण, असं मला वाटतं.

राजांना अर्थातच रोमकर 13 आवडायचं. इंग्लंडचा पहिला जेम्स तर 1610 मध्ये पार्लमेंटला सांगत होता की राजे हे पृथ्वीवरचे देवाचे प्रतिनिधी, देव स्वतःच त्यांना देव म्हणतो. दुसरीकडे फ्रान्समध्ये 1572 मध्ये सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी प्रोटेस्टंटांची कत्तल झाली, मग त्यांच्यातल्या विचारवंतांनी मांडायला सुरुवात केली की राजानेच करार मोडला तर प्रजा बांधील राहत नाही. स्कॉटलंडच्या सॅम्युएल रदरफर्डने 1644 मध्ये लिहिलं की कायदा हाच राजा आहे, राजा म्हणजे कायदा नाही, आणि मधे पडलेली राजेशाही परत आल्यावर त्याचं पुस्तक जाळण्यात आलं. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकने नंतर हेच जरा थंड डोक्याने मांडलं, माणूस ही देवाची कारागिरी, देवाची मालमत्ता, म्हणून त्याच्या जिवाला हात लावायचा हक्क दुसऱ्या माणसाला नाही, आणि सरकार नेमायचं ते याच गोष्टीची राखण करायला.

कॅथलिक बाजूलाही हे चालूच होतं, फक्त तिथे प्रश्न राजाचा नव्हता, वसाहतीचा होता. 1511 मध्ये कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला बेटावर अंतोनियो दे मोंतेसिनोस या डॉमिनिकन फादरने स्पॅनिश मळेवाल्यांना भर चर्चमध्ये विचारलं की हे इंडियन (म्हणजे तिथले मूळ रहिवासी) माणसं नाहीत का? तिसऱ्या पॉल पोपने 1537 मध्ये लेखीच जाहीर केलं की हे लोक ख्रिस्ती नसले तरी त्यांचं स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावता येणार नाही. मळे चालूच राहिले, ते वेगळं.

आता बोस्टन, म्हणजे इंग्रजांची अमेरिकेतली वसाहत. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला 30 जानेवारी 1649 ला, आणि अँग्लिकन चर्चमध्ये तो दिवस त्याला हुतात्मा मानून उपवासाने पाळायचे. 1750 मध्ये त्याच्या पुढच्या रविवारी जोनाथन मेह्यू नावाच्या पाळकाने (चर्चच्या धर्मगुरूने) संदेशाला, म्हणजे प्रवचनाला, घेतला नेमका रोमकर 13च! त्याचा मुद्दा साधा होता. पौल अधिकाऱ्याला तुमच्या भल्यासाठी देवाचा सेवक म्हणतो, मग जो लोकांना लुटतो तो त्या वर्णनात बसतच नाही, त्याची आज्ञा पाळा असं पौल म्हणालेलाच नाही. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन अॅडम्सने म्हातारपणी लिहून ठेवलंय की हा संदेश सगळ्यांनी वाचला होता. थॉमस पेनने जानेवारी 1776 मध्ये राजाविरुद्ध पुस्तिका काढली त्यात तर शमुवेलाची ती यादी जवळजवळ पूर्णच उतरवली आहे, आणि हा माणूस बायबलवर विश्वास न ठेवणारा, पण वाचणारे कुठलं पुस्तक मानतात हे त्याला पक्कं माहीत होतं.

मग जुलै 1776 चा अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा. सगळे समान निर्माण झालेत, निर्माणकर्त्याने हक्क दिलेत, आणि हे हक्क सुरक्षित ठेवायला सरकारं असतात. तो लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनच्या कच्च्या मसुद्यात निर्माणकर्त्याने दिले असे शब्द नव्हते, ते दुरुस्तीत आले. जेफरसन स्वतः शुभवर्तमानातले (येशूच्या चरित्रातले) चमत्कार कापून बाजूला काढणारा माणूस, आणि आयुष्यभरात सहाशेच्या वर गुलामांचा मालक. त्यामुळे हे वाक्य शंभर टक्के ख्रिस्ती आहे असं छातीठोक सांगणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. पण ते मुळात ख्रिस्ती नाहीच म्हणणारेही तेवढेच चुकतात, कारण मेह्यूसारख्यांनी जमीन तयार केली नसती तर ते शेतकऱ्यांपर्यंत पोचलंच नसतं.

अमेरिकेतल्या व्हर्जिनियात त्याच काळात बॅप्टिस्ट (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) पाळकांना विनापरवाना प्रचार करतात म्हणून तुरुंगात टाकत होते, जेम्स आयर्लंड हा कल्पेपरच्या तुरुंगाच्या गजांतून बाहेरच्या लोकांना संदेश द्यायचा. हे तुरुंगात टाकणारं सरकारही ख्रिस्तीच होतं बरं का. म्हणून 1786 चा व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आला तेव्हा त्याच्या मागे जोर लावणाऱ्यांत बॅप्टिस्ट होते. सरकारने आमचा धर्म चालवू नये हे मागणारे लोक देवभोळेच होते, हे आज विसरलं जातं.

गुलामगिरीच्या वेळी परत तीच ओढाताण. 1850 ला पळून गेलेले गुलाम परत करण्याचा कायदा झाला तर काही पाळकांनी रोमकर 13 काढला, आणि विरोधकांनी बायबलमधल्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा 23वा अध्याय, पळून आलेल्या दासाला धन्याच्या हवाली करू नको. मार्टिन ल्यूथर किंगने 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून पत्र लिहिलं त्यात अन्यायी कायदा पाळू नये म्हणायला जुन्या ख्रिस्ती विचारवंतांचा, ऑगस्टिन आणि अक्वायनसचा, आधार घेतला. 2018 मध्ये सीमेवर मुलांना आईबापांपासून वेगळं करत होते तेव्हा अमेरिकेच्या अॅटर्नी जनरलने पुन्हा रोमकर 13 च पुढे केला.

या धाग्याचं एक टोक पुण्यातही आहे. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि तरुणपणी त्यांनी पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक वाचलं. ते ख्रिस्ती झाले नाहीत, पण निर्मिकाने सगळ्या स्त्री-पुरुषांना हक्क दिलेत असं मांडत राहिले, आणि 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना.

आणि 17 ऑक्टोबर 1949 ला आपल्या संविधान सभेत हा प्रश्न थेट मतालाच आला. एच. व्ही. कामत म्हणाले प्रास्ताविकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करा. पट्टम थाणू पिल्लै स्वतः श्रद्धाळू, तरी त्यांनी विरोध केला, म्हणाले ही श्रद्धेच्या बाबतीत सक्ती होईल. बाजूने 41, विरोधात 68, दुरुस्ती पडली.