‘सनसेट रायडर्स’ घरी नेण्याआधी एवढं वाचा

ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या दुकानात व्हिडिओ गेमची जुनी कॅसेट हातात घेतली की बहुतेक गिऱ्हाइकं एकच विचारतात, “पार्लरमध्ये होता तोच गेम ना हा?” ‘सनसेट रायडर्स’पुरतं उत्तर असं, की ते तुम्ही कोणत्या मशीनची कॅसेट उचलली आहे त्यावर ठरतं. नाव एकच असलं तरी सेगाच्या मेगा ड्राइव्हच्या आणि सुपर निन्टेंडोच्या (दोन्ही टीव्हीला लावायची जुनी मशीन) कॅसेटमध्ये दोन वेगळे गेम आहेत. घरी जाऊन हिरमोड होऊ नये म्हणून हे पत्रक.

पार्लरमधलं मूळ मशीन

कोनामीचं हे मशीन १९९१ सालचं. स्टीव्ह, बिली, बॉब आणि कोर्मानो हे चौघे इनामासाठी गुंडांच्या मागे लागलेले. दोघांकडे पिस्तुलं, दोघांकडे लांब बंदुका. एकामागून एक आठ म्होरके गाठायचे. पहिल्याच्या डोक्यावर दहा हजार डॉलर, मग इनाम चढत जातं. घोड्यावरून पाठलाग आहे आणि उधळलेल्या गुरांच्या पाठीवरून धावणंही. हे मशीन दोघांचंही होतं आणि चौघांचंही. चौघांच्या मशीनवर खांद्याला खांदा लावून उभं राहण्यातच अर्धी मजा होती.

पण पार्लरचं मशीन नाण्यावर चालतं. खेळणारा थोड्याच वेळात मरावा आणि त्याचा हात पुन्हा खिशात जावा, हे त्याचं गणित. कॅसेट मात्र एकदाच विकली जाते आणि पुढे महिनोन्‌महिने चालावी लागते. त्यामुळे घरची आवृत्ती बनवणाऱ्यांना चित्रं छोटी करून भागत नाही. काय ठेवायचं, काय गाळायचं आणि कशाच्या जागी काय आणायचं, हे नव्याने ठरवावं लागतं.

मेगा ड्राइव्हची कॅसेट

ही चार मेगाबिटची, म्हणजे अर्ध्या एमबीची. आज मोबाईलवर काढलेला एक साधा फोटो याहून मोठा असतो. इथे बिली आणि कोर्मानो एवढेच दोघे आहेत आणि आठांपैकी चारच म्होरके उरलेत. त्याची भरपाई म्हणून टप्पे दोन-दोन भागांत लांबवले आहेत. मूळ खेळात मधल्या बोनस फेरीत समोरून डोकावणाऱ्या गुंडांना टिपायचं असतं. इथे त्याऐवजी घोडा दौडवत एका छकड्याच्या मागे जायचं आणि त्यातली बाई फेकते त्या वस्तू गोळा करायच्या. दोघांनी एकमेकांवरच गोळ्या झाडायचा वेगळा खेळही दिला आहे. सख्ख्या भावंडांना तोच जास्त आवडतो.

मशीन कमकुवत होतं म्हणून असं झालं, असं कुणी सांगितलं तर ते अर्धवट खरं आहे. मेगा ड्राइव्हचा ६८००० प्रोसेसर मूळ मशीनच्याच जातीचा, फक्त धीमा. कमी पडतात ते रंग. ५१२ रंगांतून एका वेळी पडद्यावर जेमतेम साठ-एक येतात, त्यामुळे वाळवंटातला सूर्यास्त जरा मळकट दिसतो. बाकीची कात्री आमच्या मते कॅसेटच्या आकारामुळेच लागली.

सुपर निन्टेंडोची कॅसेट

ही १९९३ची, आठ मेगाबिटची. चारही गडी आणि आठही म्होरके आहेत, फक्त एका वेळी दोघंच खेळू शकतात. पडद्यावर एका वेळी २५६ रंग येतात. लहानपणीच्या आठवणीच्या सगळ्यात जवळ जाणारी जुनी कॅसेट हीच. दोन्ही शिल्लक असतील तर आम्ही हीच पुढे करतो.

बदल हिच्यातही आहेत, पण त्यांचं कारण जागा नव्हे. त्या काळी अमेरिकेत निन्टेंडोचे नियम कडक होते. म्हणून दारू गेली, नाचणाऱ्या बायकांच्या अंगावर जास्त कपडे आले आणि डायनामाइट फेकणाऱ्या बायकांच्या जागी पुरुष आले. ‘चीफ स्काल्पम’ या म्होरक्याचं ‘चीफ विगवॅम’ झालं आणि त्याच्या टप्प्यातले साधे अमेरिकन आदिवासी शत्रू काढले गेले. आम्हाला विचाराल तर या शेवटच्या बदलाने काहीच बिघडलं नाही, मुळातलं ते चित्रण तसंही स्वस्तातलं होतं. पार्लरमधलं सगळं जसंच्या तसं हवं असेल तर मात्र ही कॅसेट घेऊ नका.

घरात जुना टीव्ही गेम असेल तर

टीव्ही गेम म्हणजे निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल असलेलं आपल्याकडचं जुनं मशीन. ‘सनसेट रायडर्स’ त्यावर नाही. त्याच धाटणीचा ‘गन स्मोक’ आहे. कॅपकॉमने तो १९८५मध्ये पार्लरसाठी आणला आणि १९८८मध्ये घरासाठी. पार्लरवर गोळी मारायला तीन बटणं होती, डावीकडे, सरळ आणि उजवीकडे. घरच्या रिमोटवर बटणं दोनच. मग एक डावीकडे, एक उजवीकडे आणि दोन्ही एकदम दाबली की सरळ, अशी सोय केली. अंगठ्याला ती पाच मिनिटांत जमते. दहा टप्प्यांचे सहा केले, पण वाटेत दुकानं ठेवली. तिथे पैसे टाकून बंदुका आणि घोडा घ्यायचा. ‘वॉन्टेड’चा कागद मिळाल्याशिवाय म्होरक्या समोर येतच नाही, तोवर तोच रस्ता फिरत राहतो. नाणं गिळणाऱ्या मशीनवर हा खेळ चाललाच नसता. घरी बसून खेळायला आम्हाला तो मूळपेक्षा सरस वाटतो. एका ओळीत आठांपेक्षा जास्त हलती चित्रं ते मशीन दाखवू शकत नाही. त्यामुळे गर्दी झाली की शत्रू लुकलुकतात, तो कॅसेटचा बिघाड नव्हे. त्यासाठी बदलून मिळणार नाही.

अडचण एकच. जपानमध्ये हा गेम डिस्कवर निघाला आणि अमेरिकेत बहात्तर पिनांच्या कॅसेटवर. आपल्याकडच्या टीव्ही गेमची खाच साठ पिनांची. म्हणजे तिच्यात थेट बसणारी ‘गन स्मोक’ची कॅसेट कुणी दाखवली, तर ती कॅपकॉमची नाही. अस्सल हवी असेल तर मध्ये अडॅप्टर लागतो.

टीव्हीचं आणि देशाचं

अमेरिकन सुपर निन्टेंडोची कॅसेट युरोपच्या मशीनमध्ये बसत नाही, आकारच वेगळा आहे. दुसरीकडची कॅसेट चालू न देणारी कुलपाची चिपही आत असते, त्यामुळे घासूनपुसून बसवण्याचा उद्योग करू नका. युरोपचं मशीन सेकंदाला पन्नास चित्रं दाखवतं, अमेरिकेचं साठ. पन्नासच्या मशीनवर बरेच गेम मंद चालतात आणि वरखाली काळ्या पट्ट्या दिसतात. अमेरिकन मशीन आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या जुन्या टीव्हीवर लावलं तर चित्र येतं, पण अनेकदा काळंपांढरं. घोडबंदर रोडच्या नव्या फ्लॅटमधल्या मोठ्या एलईडीवर रंगांची अडचण सहसा येत नाही. मात्र मागे तांबडी, पांढरी, पिवळी पिन लावायची जागा आहे का, ते घरून बघून या.

चौघं एकत्र खेळायचं असेल तर

मग कॅसेटचा नाद सोडा. हॅम्स्टर कंपनीने २०२०मध्ये पार्लरचीच मूळ आवृत्ती स्विच आणि पीएस ४ वर आणली आहे. चौघं खेळू शकतात. तो गेम डाउनलोड करायचा असल्याने त्यात आमचा काही धंदा नाही, तरी सांगतो. चार रिमोट मात्र लागतील, ते आमच्याकडे मिळतात.

कॅसेट सांभाळताना

फुंकर मारू नका. तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात गंजायला निमित्त पुरतं. कानात घालायच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसा आणि पूर्ण सुकल्यावरच कॅसेट लावा. जूनआधी कॅसेट सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात बंद केलेल्या बऱ्या.

विकत घ्यायला येताना आपलं मशीन सोबत आणलंत तर काउंटरवरच्या टीव्हीवर लावून पहिला टप्पा खेळून बघा. पटलं तरच पैसे द्या.