सार्वजनिक इमारतींसाठी छतावरील सौरऊर्जा आणि बॅटरी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील ग्रामपंचायती, शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांच्याकडून चौकशी येते, तेव्हा छतावर किती किलोवॅट बसेल, असे बहुधा आधी विचारले जाते. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि त्यातून वर्षभराच्या सरासरीने रोज सुमारे ४ युनिट वीज मिळते. मात्र त्याआधी ठरवायला हवे ते हे, की महावितरणचा पुरवठा खंडित झाल्यावर आपल्या इमारतीत काय चालू राहिलेच पाहिजे.

ग्रीडला (महावितरणच्या वीजजाळ्याला) जोडलेली, पण बॅटरी नसलेली यंत्रणा वीज गेली की लख्ख उन्हातही आपोआप बंद होते. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला उलट आलेल्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून इन्व्हर्टरमध्ये केलेली ही सोय आहे आणि ती कोणीही निकामी करू नये. वीज नसतानाही पॅनेलचा उपयोग हवा असेल, तर हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेल, बॅटरी आणि ग्रीड तिन्हींसह चालणारा) आणि बॅटरी लागते.

शाळेला बॅटरीची गरज सहसा नसते आणि आम्ही ती सुचवत नाही. शाळेचा वापर दिवसाचाच असतो आणि मे महिन्याच्या सुट्टीतील शिल्लक वीज नेट मीटरद्वारे (ग्रीडकडून घेतलेली आणि ग्रीडला दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरद्वारे) बिलात वळती होते.

आरोग्य केंद्राची गोष्ट निराळी आहे. तेथे लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहाव्या लागतात; लसींचे आयएलआर (बर्फाचे अस्तर असलेले शीतकपाट) काही तास थंडावा धरून ठेवते, परंतु रात्री प्रसूती सुरू असताना दिवा जाऊन चालत नाही. म्हणून प्रसूती कक्ष, आयएलआर आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यांची वायरिंग वेगळ्या डीबीवर (वीज वितरण पेटीवर) घ्यावी. पाण्याची मोटर, गिझर आणि एसी त्यावर मुळीच नकोत. समजा, हा अत्यावश्यक भार ८०० वॅट असून तो ५ तास चालवायचा आहे, तर ४ युनिट वीज लागेल. बॅटरी ८० टक्केच वापरायची आणि सुमारे १० टक्के वीज रूपांतरात जाते, हे धरल्यास साडेपाच ते सहा युनिट क्षमतेची बॅटरी हवी.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला खर्च जास्त येतो, तरी सार्वजनिक इमारतींसाठी आम्ही तीच सुचवतो, कारण ट्युब्युलर (शिसे-आम्लाच्या) बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालण्याचे काम कर्मचारी बदलला की हमखास राहून जाते.

बॅटरीची जागाही काळजीपूर्वक निवडावी लागते. कृष्णाकाठच्या गावांनी ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे पूर पाहिले आहेत. तेथे बॅटरी व इन्व्हर्टर पूररेषेच्या वर, पहिल्या मजल्यावरील हवेशीर खोलीत असावेत, तळमजल्यावर नव्हे. महाबळेश्वर आणि पाटणच्या पावसाच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर उत्पादन बरेच घटते, त्यामुळे तेथे बॅटरी ग्रीडवरूनही चार्ज होईल अशी जोडणी करावी. पाटण तालुक्यातीलच मान्याचीवाडी हे राज्यातील पहिले सौरग्राम, म्हणजे पूर्णपणे सौरऊर्जेवर चालणारे गाव, ठरले आहे. तेव्हा पावसामुळे आपल्याकडे सौरऊर्जा चालणारच नाही, असे कोणी समजू नये. माण, जत, आटपाडीकडे अडचण धुळीची आहे. तेथे उन्हाळ्यात पॅनेल पंधरवड्याने, सकाळी लवकर, साध्या पाण्याने धुवावीत आणि या कामाची जबाबदारी नावानिशी सोपवावी.

पाहणीसाठी बोलावताना मागील १२ महिन्यांची वीजबिले, मंजूर भाराची नोंद आणि अत्यावश्यक उपकरणांची यादी तयार ठेवावी.