शेंगांना भाव किती मिळाला? अमिल्कार काब्राल यांच्या लढ्याची पार्श्वभूमी

पश्चिम आफ्रिकेतल्या पोर्तुगीज गिनीत, म्हणजे आजच्या गिनी-बिसाऊत, 1953 साली शेतीची गणना झाली. सरकारी नोकरीतले कृषितज्ज्ञ अमिल्कार काब्राल (जन्म 1924, बाफाता) यांनी त्यासाठी गावंच्या गावं पालथी घातली. भुईमुगाच्या हव्यासापायी जमिनीचा कस कसा जातो, कोणत्या जमातीत जमीन कुणाच्या हातात असते, हे त्यांना तिथे उमगलं. पुढच्या साऱ्या राजकारणाचा पाया मला या पायपिटीत दिसतो.

1956 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह गिनी आणि केप व्हर्द बेटांच्या स्वातंत्र्यासाठी पक्ष काढला. 3 ऑगस्ट 1959 रोजी बिसाऊच्या पिजिगीती धक्क्यावर पगारवाढीसाठी संपावर गेलेल्या गोदी कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. सुमारे 50 जण मारले गेले. शहरातली शांततामय आंदोलनं चिरडली जाणार हे कळून चुकल्यावर पक्षाने खेड्यांची वाट धरली.

तिथे खरी अडचण होती. जमीन शेतकऱ्यांचीच होती, लूट व्हायची ती व्यापारात आणि करात. ‘साम्राज्यवाद मुर्दाबाद’ म्हणून कुणी हलणार नव्हतं. म्हणून कार्यकर्ते साधे प्रश्न विचारत: शेंगांना भाव किती मिळाला? त्यासाठी घाम किती गाळलात? घरातलं कुणी तुरुंगात गेलं का? लोक डोक्यातल्या कल्पनांसाठी लढत नाहीत, जगणं सुधारावं म्हणून लढतात, असं काब्राल यांनी 1965 मध्ये कार्यकर्त्यांना बजावलं. खोटं बोलू नका, सोप्या विजयाच्या बढाया मारू नका, हेही त्यातच होतं. इतका रोखठोक राष्ट्रवाद दुर्मीळच.

या लढ्याचा धागा गोव्याशीही जुळतो. पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांच्या राजवटीने 1951 मध्ये वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ ठरवलं होतं, त्यात गोवाही होता. एप्रिल 1961 मध्ये मोरोक्कोतल्या कासाब्लांकात पोर्तुगीज वसाहतींमधल्या चळवळी एकत्र आल्या, तेव्हा गोमंतकीयही सोबत होते. त्यांच्यातले आकीनो द ब्रागांसा पुढे मोझांबिकचे अध्यक्ष सामोरा माशेल यांचे सल्लागार झाले.

1963 मध्ये सशस्त्र लढा सुरू झाला. मुक्त भागात शाळा, दवाखाने आणि भाताच्या बदल्यात कापड, मीठ देणारी ‘लोकांची दुकानं’ उभी राहिली. 20 जानेवारी 1973 रोजी शेजारच्या गिनी या वेगळ्या देशाच्या राजधानीत, कोनाक्रीत, पक्षातल्याच फितुरांनी काब्राल यांची हत्या केली. सप्टेंबरमध्ये स्वातंत्र्याची घोषणा झाली. आफ्रिकेतल्या युद्धांना विटलेल्या पोर्तुगीज लष्करी अधिकाऱ्यांनी एप्रिल 1974 मध्ये लिस्बनची हुकूमशाहीच उलथवली.

गिनी-बिसाऊतल्या 1980 च्या लष्करी उठावानंतर गिनी-बिसाऊ आणि केप व्हर्द यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. भुईमुगाची जागा आता काजूने घेतली आहे. गिनी-बिसाऊच्या निर्यातीचा बहुतांश भाग कच्च्या काजूचा आहे. त्यातला बराच माल भारतात आणि व्हिएतनाममध्ये सोलला जातो, आणि भाव आजही देशाबाहेरच्या बाजारात ठरतो.