टेलर, जेम्स

टेलर, जेम्स : (१२ मार्च १९४८ – ). अमेरिकन गायक, गीतकार व गिटारवादक. सॉफ्ट रॉक या सौम्य, आत्मपर गायनप्रवाहाच्या आद्य कलावंतांपैकी एक. जन्म बॉस्टनचा, बालपण नॉर्थ कॅरोलायनातील चॅपल हिल येथे. वडील वैद्यकीचे प्राध्यापक, आई गायन शिकलेली. टेलर आधी चेलो शिकले, मग गिटारकडे वळले. शालेय वयातच नैराश्यामुळे त्यांना काही महिने मनोरुग्णालयात काढावे लागले. १९६६ मध्ये न्यूयॉर्कला ते ‘फ्लाइंग मशीन’ या वाद्यवृंदात होते. तो लवकरच मोडला, हेरॉइनचे व्यसन मात्र जडले. १९६८ मध्ये लंडनला बीटल्सच्या ‘ॲपल’ कंपनीने त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका काढली.

‘फायर अँड रेन’ (१९७०) या गीताच्या उगमाविषयी एक कथा दीर्घकाळ प्रचलित आहे : टेलरना भेटायला निघालेली प्रेयसी विमान अपघातात गेली आणि गीतातले जमिनीवर विखुरलेले ‘फ्लाइंग मशीन’ म्हणजे तेच विमान. टेलर यांनी स्वतः दिलेला खुलासा वेगळा असून तोच ग्राह्य मानणे योग्य. पहिले कडवे आत्महत्या केलेल्या मैत्रिणीचे. ती बातमी मित्रांनी त्यांच्यापासून काही महिने लपवली होती. पुढे व्यसनाशी झगडा आणि उपचारांचा काळ येतो. विखुरलेले ‘मशीन’ म्हणजे मोडलेला वाद्यवृंद. ध्वनिमुद्रणात रस कंकेल यांनी ड्रमवर काठ्यांऐवजी ब्रश वापरले, त्यामुळे ताल भक्कम राहूनही शब्द झाकले जात नाहीत.

टेलर यांच्या वादनाचा विचार त्यांच्या गिटार लावण्याच्या पद्धतीपासून करावा लागतो. छेडल्यावर, विशेषतः कॅपो (गिटारच्या मानेवर सर्व तारा दाबून स्वर चढवणारा चिमटा) लावल्यावर, तारा किंचित चढ्या बोलतात. खर्जाच्या तारा अधिक. म्हणून ते प्रत्येक तार मुळातच थोडी उतरवून ठेवतात : जाड तारेपासून अनुक्रमे १२, १०, ८, ४, ६ व ३ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). उजव्या हाताची नखे फायबरग्लासने मजबूत केलेली असतात. अंगठा खर्ज सांभाळतो, बोटे सुरावट विणतात. एकट्या गिटारवरही त्यांचे गाणे भरलेले वाटते, ते यामुळे.

कॅरोल किंग यांची रचना असलेले ‘यू हॅव गॉट अ फ्रेंड’ त्यांच्या आवाजात १९७१ मध्ये अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचले. गायिका कार्ली सायमन यांच्याशी विवाह १९७२ मध्ये, घटस्फोट १९८३. २००० मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश. ‘बिफोर धिस वर्ल्ड’ (२०१५) हा अमेरिकेत अग्रस्थान मिळवणारा त्यांचा पहिला संग्रह. त्याच वर्षी त्यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ मिळाले.