पेशीपटलाचे प्रतिऑक्सिडीकारक संरक्षण

पेशीपटलातील मेदाचे ऑक्सिडीभवन रोखणारी आणि झालेले ऑक्सिडीभवन निस्तरणारी रेणूंची व एंझाइमांची व्यवस्था. पटलातील बहुअसंतृप्त मेदाम्लांत दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनावरचा हायड्रोजन सैल असतो. मुक्त मूलकाने (जोडीविना इलेक्ट्रॉन असलेल्या अतिक्रियाशील रेणूने) तो हिरावला की त्या जागी ऑक्सिजन जोडला जातो आणि तयार झालेला पेरॉक्सिल मूलक शेजारच्या मेदाम्लाचा हायड्रोजन ओढून घेतो. ही साखळी विक्रिया आहे. शेंगदाण्याचे कूट खवट होते तेही मुख्यतः अशाच विक्रियेने.

पेरॉक्सिल मूलकाला स्वतःचा हायड्रोजन देऊन साखळी तोडण्याचे काम पटलात प्रामुख्याने आल्फा-टोकोफेरॉल हे ई जीवनसत्त्व करते. इव्हान्स व बिशप यांना ते १९२२ मध्ये उंदरांच्या गर्भाच्या वाढीसाठी आवश्यक असा आहारघटक म्हणून आढळले; त्याचा हा दुसरा गुण पुढे लक्षात आला. पटल ज्यांचे मुख्यतः बनते त्या फॉस्फोलिपिड या मेदाच्या सुमारे हजार रेणूंमागे त्याचा जेमतेम एक रेणू असतो, त्यामुळे एकदा खर्ची पडलेला रेणू पुन्हा कामास येतो कसा, हा कळीचा प्रश्न ठरतो. क जीवनसत्त्व हायड्रोजन देऊन त्याला पूर्ववत करते, ही कल्पना सर्वसाधारणपणे टॅपेल यांच्या १९६८ च्या मांडणीशी जोडली जाते; तथापि चरबीच्या टिकाऊपणात या दोहोंची परस्परपूरकता १९४१ मध्येच नोंदली गेली होती. द्रावणातील प्रत्यक्ष विक्रिया पॅकर, स्लेटर व विल्सन यांनी १९७९ मध्ये दाखवली. जिवंत शरीरात ती कितपत घडते याविषयी मतभेद आहेत. गिनीपिगवरील एका काटेकोर प्रयोगात क जीवनसत्त्वामुळे ई जीवनसत्त्वाची बचत आढळली नाही. उलट धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तातून ई जीवनसत्त्व लवकर घटते आणि क जीवनसत्त्व दिल्यावर ही घट मंदावते, असे पुढे दिसले. मानवापुरता दुसरा पुरावा अधिक वजनदार मानावा लागतो.

पटलातच असणारा कोएंझाइम क्यू हा मेदविद्राव्य रेणू क्षपित (हायड्रोजनयुक्त) रूपात साखळी तोडण्याचे हेच काम करतो. त्याला क्षपित ठेवणारे एफएसपी१ हे प्रथिन २०१९ मध्ये पुढे आले. बनून गेलेल्या मेद-पेरॉक्साइडाचे निरुपद्रवी अल्कोहोलात रूपांतर जीपीएक्स४ हे सेलेनियमयुक्त एंझाइम ग्लुटाथायोन या पेशीतील लहान क्षपणकारी रेणूच्या साहाय्याने करते. ते निकामी झाल्यास पेशी फेरोप्टोसिस या लोहावलंबी प्रकाराने मरते. हे नाव २०१२ मधले.

ऑक्सिडीकारक ताणाची कसोटी रक्तातील तांबड्या पेशीत स्पष्ट दिसते. सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात केंद्रकाअभावी तिला नवे एंझाइम बनवता येत नाही. जी६पीडी या, ग्लुटाथायोन पूर्ववत करण्यास लागणारे क्षपणबळ पुरवणाऱ्या एंझाइमाची जन्मजात उणीव असलेल्या व्यक्तीस हिवतापावरील प्रायमाक्वीन दिल्यास ग्लुटाथायोन पूर्ववत होण्याची क्रिया तोकडी पडते आणि पेशी फुटतात. मुंबईच्या पारशी समाजात ही उणीव तुलनेने अधिक आढळते.

वार्धक्याशी संबंध हारमन यांच्या १९५६ च्या मुक्त मूलक सिद्धांतापासून जोडला जातो. मात्र आफ्रिकेतील नेकेड मोल-रॅट हा उंदराएवढा प्राणी ३० वर्षांहून अधिक जगतो आणि त्याच्या ऊतींत ऑक्सिडीभवनाच्या खुणा तरुणपणीच विपुल असतात. त्याच्या पटलांत सहज ऑक्सिडीभूत होणारे डीएचए हे मेदाम्ल मात्र कमी असते. यावरून संरक्षक रेणूंच्या प्रमाणापेक्षा पटलाची घडण निर्णायक असावी, या मताकडे कल झुकतो. हृदयविकाराचा धोका असलेल्यांना ई जीवनसत्त्व देऊन पाहिलेल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या होप चाचणीत लाभ आढळला नाही.