‘नैसर्गिक’ या शब्दाचा गुंता: वनस्पतिजन्य स्वादद्रव्यांच्या सुरक्षिततेची पार्श्वभूमी

पुदिन्याच्या तेलात पुलेगोन नावाचं सुवासिक द्रव्य असतं आणि तेच पुलेगोन कारखान्यातही बनवता येतं. रेणू एकच. यकृताला या दोघांत फरक करता येत नाही; कायदा मात्र करतो.

हा फरक सुरुवातीला इतका ठळक नव्हता. अमेरिकेत १९५४ मध्ये कूमरिन या सुगंधी द्रव्यावर खाद्यपदार्थांत बंदी आली, ती ज्यात ते नैसर्गिकरीत्या असतं त्या टोंका बीच्या अर्कालाही लागू झाली. १९६० मध्ये सॅफ्रोल हे स्वादद्रव्य गेलं, त्याबरोबर ज्यात ते भरपूर असतं ते ससाफ्रास या झाडाचं तेलही गेलं. १९६८ मध्ये वेखंड, त्याचं तेल आणि अर्क यांनाही खाद्यपदार्थांत मनाई झाली. सॅफ्रोल असलेलं जायफळ मात्र वापरात राहिलं, कारण त्यातली मात्रा किरकोळ. ढोबळ असली तरी ही रीत समजण्यासारखी होती.

खरा वाद २०१८ चा. अमेरिकेच्या १९५८ च्या अन्नविषयक कायद्यात एक कडक कलम आहे: माणसाला किंवा प्राण्याला कर्करोग होतो असं दिसलेला पदार्थ अन्नात मिसळायला परवानगी नाही, मात्रा कितीही कमी असो. त्याच कलमाचा आधार घेऊन काही संघटनांनी अर्ज केला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये मिथाइल युजेनॉल, मायर्सीन, पुलेगोन यांसह सहा कृत्रिम स्वादद्रव्यांची परवानगी काढून घेण्यात आली. उत्पादकांना बदलासाठी २४ महिने मिळाले. त्याच निर्णयात असंही नमूद होतं की प्रत्यक्ष वापराच्या मात्रेत या पदार्थांपासून लोकांच्या आरोग्याला धोका नाही, आणि झाडापासून मिळणारे हेच पदार्थ पूर्वीसारखेच चालतील. बेसिलमधलं मिथाइल युजेनॉल चाललं, बाटलीतलं नाही.

कायद्याच्या अक्षराला धरून निर्णय बरोबर असेल, पण विषशास्त्राच्या कसोटीवर तो टिकत नाही. पुलेगोनचंच बघा: पुदिन्याच्या कुळातल्या पेनीरॉयलचं तेल पिऊन यकृत निकामी होऊन माणसं दगावल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. ते तेल शंभर टक्के नैसर्गिकच होतं. या निर्णयाने ग्राहकाच्या मनातला ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हा समज आणखी घट्ट केला, ही माझ्या मते त्याची सर्वांत मोठी हानी.

युरोपने वेगळी वाट धरली. २००८ च्या नियमांनुसार मिथाइल युजेनॉल, सॅफ्रोल, पुलेगोन, कूमरिन वगैरे सुटे मिसळायचेच नाहीत. शिवाय झाडातून आपोआप येणाऱ्या अंशालाही ठरावीक पदार्थांत कमाल मर्यादा. पारंपरिक व सणासुदीच्या दालचिनीयुक्त बेकरी पदार्थांत कूमरिन किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. मात्र सॅफ्रोल आणि मिथाइल युजेनॉल यांच्या मर्यादेतून, निव्वळ ताज्या, वाळवलेल्या किंवा गोठवलेल्या वनस्पती आणि मसाले घातले असतील तर, सूट आहे. पळवाट तिथेही आहेच, पण निदान मोजमाप रेणूचं होतं.

वनौषधींत अडचण याच्याही आधी, ओळखीपासून सुरू होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्या घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडं झपाट्याने निकामी झाली. दोन चिनी मुळ्यांच्या नावांत ‘फांग-ची’ हा भाग सारखा, त्यामुळे एकीच्या जागी ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती गेली. त्यातल्या आम्लामुळे पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. वेखंडातही असंच आहे: गुणसूत्रांचे चार संच असलेल्या जातीत बीटा-असारोन हे घातक द्रव्य भरपूर, दोन संचांच्या अमेरिकी जातीत जवळपास नाहीच, आणि नाव एकच.

अलीकडे तर झाडाची ओळख बरोबर असूनही भागत नाही. औषधी वनस्पतींच्या कापणीत शेतातलं तणही येतं आणि तणातली पायरोलिझिडीन अल्कलॉइडं (यकृताला घातक विषारी द्रव्यं) हर्बल चहात उतरतात. त्यांच्यासाठीही युरोपने २०२२ पासून कमाल मर्यादा लागू केली आहे.